१०८ सेकंदांचा रस्ता

गेल्या जुलैतली गोष्ट. विरारहून आगाशीला परत येत होतो. पाऊस धो धो. बोळींजच्या पुढे रस्त्यावर गुडघ्याला लागेल एवढं पाणी. आपल्याकडे यात नवीन काही नाही. गाडी हळूहळू काढली, पाण्याबाहेर आलो आणि एकदम गाडीने जोर सोडला. बंद नाही पडली, पण वीसच्या वर जाईना. डॅशबोर्डवर इंजिनाचं ते पिवळं चित्र पेटलं.

कशीबशी चाळपेठ नाक्याजवळच्या ओळखीच्या गॅरेजपर्यंत आणली. हा माणूस पूर्वी स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला लावायचा, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून सांगायचा, "टॅपेट वाजतोय." त्या दिवशी त्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर खोचला, स्क्रीनवरचा कोड बघितला आणि म्हणाला, "दादा, हा मी पुसला तरी परत येणार. कंपनीत न्या."

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दोन दिवस गेले. बिलावर ओळ होती : सॉफ्टवेअर अपडेट. मी विचारलं, आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये काय चुकलं होतं? काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. म्हणाला, "सर, वरून आलं, आम्ही मारलं."

वरून म्हणजे कुठून? ते कोण लिहितं, ते तपासतं कोण आणि कुठल्या रस्त्यावर? हा प्रश्न डोक्यातून जाईना. मग वाचत गेलो, दोन-चार जाणकारांना फोन केले. जे हाती लागलं ते इथे मांडतोय. पोस्ट मोठी आहे, पण गाडी आता घरोघरी आहे, म्हणून वाचा.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. सोळाव्या शतकात पोर्तुगीज इथे आले तेव्हा आगाशी हे जहाजबांधणीसाठी आणि लाकडाच्या व्यापारासाठी नावाजलेलं बंदर होतं. १५३०-३१ च्या सुमारास त्यांनी गाव लुटलं, जाळलं, आणि पुढे इथल्याच कारागिरीचा फायदाही घेतला. त्या जहाजांची परीक्षा कुठे व्हायची? समुद्रात. माणसं आत बसवून. जहाज टिकलं तर बांधणाऱ्याचं नाव, नाही टिकलं तर माणसं गेली. मोटारीचंही पुढे बरीच वर्षं असंच चाललं. गाडी बनवा, रस्त्यावर काढा, मोडेल तिथे सुधारा.

मग गाडीत कॉम्प्युटर शिरला. तो चैन म्हणून नाही आला, कायद्याच्या धाकाने आला. अमेरिकेत कॅलिफोर्नियात धुराने डोळे चुरचुरायला लागले, १९७० मध्ये तिथे स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला. कार्ब्युरेटरला पेट्रोल मोजून द्यायचं एवढं अचूक जमेना. १९७८ मध्ये बॉशचे इलेक्ट्रॉनिक एबीएस ब्रेक मर्सिडीजमध्ये आले. १९७९ मध्ये पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही एकाच डब्यातून सांभाळणारी बॉशचीच यंत्रणा बीएमडब्ल्यूमध्ये आली. असे डबे वाढत गेले. त्यांनी एकमेकांशी बोलायचं कसं? म्हणून १९८६ मध्ये 'कॅन' नावाची सामायिक तार आली. आज तुमच्या गाडीत ब्रेक, इंजिन, एअरबॅग, स्पीडोमीटर एकमेकांशी बोलतात ते बहुधा याच पद्धतीने.

या डब्याला म्हणतात ईसीयू. त्याच्या आत कायमचं बसवलेलं सॉफ्टवेअर म्हणजे एम्बेडेड सॉफ्टवेअर. मोबाइलमधलं ॲप अडकलं तर आपण बंद करून परत चालू करतो. ब्रेकचं सॉफ्टवेअर महामार्गावर अडकलं तर परत चालू करायला वेळ नसतो. सगळा फरक इथे आहे.

आपल्या देशातही हा डबा कायद्याच्याच रस्त्याने आला. १९९१ मध्ये पेट्रोल गाड्यांना आणि १९९२ मध्ये डिझेलला धुराच्या मर्यादा लागल्या. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो नियमांची तारीखच ठरवून दिली. २००० नंतर गाड्यांच्या पाठीवर 'एमपीएफआय' असं अभिमानाने लिहिलेलं दिसायचं, आठवतंय? म्हणजे कार्ब्युरेटर गेला, कॉम्प्युटर आला. एप्रिल २०१७ मध्ये देशभर बीएस-४, आणि १ एप्रिल २०२० ला थेट बीएस-६. मधली बीएस-५ ची पायरी गाळलीच. या शेवटच्या उडीत बहुतेक स्कूटर-मोटारसायकलींचाही कार्ब्युरेटर गेला. त्याआधीच, एप्रिल २०१९ पर्यंत, १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं होतं. आगाशीतल्या गॅरेजवाल्याच्या हातात स्कॅनर आला तो असा. तो शिकला म्हणून टिकला. जे शिकले नाहीत त्यांची शटर मी बंद होताना बघितली आहेत.

आता तपासणीकडे येऊ. ही गोष्ट पुण्याची आहे.

पुण्याच्या वेताळ टेकडीवर फिरायला जाणारे लोक एका बाजूला 'एआरएआय टेकडी' म्हणतात. ते नाव पडलं ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेमुळे. स्थापना १९६६. वाहन उद्योग आणि केंद्र सरकार यांच्या सहकार्याची ही संस्था. देशात गाडी विकायची तर नमुना आधी सरकारमान्य संस्थेकडून पास करून घ्यावा लागतो, त्या यादीतलं हे मोठं नाव.

धूर मोजायचा तर गाडी रस्त्यावर पळवून कसा मोजणार? मागे नळी धरून कोण धावणार? म्हणून गाडी खोलीत आणतात, तिची चाकं रोलरवर ठेवतात. गाडी जागच्या जागी पळते. पण किती पळवायची? किती वेळ थांबवायची, किती वेग, किती वेळा ब्रेक? ते ठरवायला एक 'चाल' लागते. युरोपने आपली बनवली होती, अमेरिकेने आपली. मग १९८५ च्या सुमारास एआरएआयने आपल्याच रस्त्यांवर गाड्या फिरवून, नोंदी घेऊन 'इंडियन ड्रायव्हिंग सायकल' तयार केली.

ती होती १०८ सेकंदांची. पहिले १६ सेकंद गाडी नुसती उभी, इंजिन चालू. मग पळ, मंद हो, परत पळ, परत मंद. सर्वात जास्त वेग ताशी ४२ किलोमीटर, सरासरी २२ च्या आसपास. एका फेरीत अंतर जेमतेम साडेसहाशे मीटर. अशा सहा फेऱ्या.

मला हे वाचून गंमत वाटली, मग कौतुक वाटलं. तेव्हाच्या भारतातली सगळी गर्दी, बैलगाडी, सायकली, सिग्नल, आडवा आलेला माणूस, हे सगळं कुणीतरी १०८ सेकंदांत बसवलं होतं. त्यात खड्डे नव्हते, पाऊस नव्हता, घाट नव्हता. त्रुटी भरपूर. पण रस्ता आपला होता. खोलीत बसून गाडी तपासायची तर आधी कुणीतरी उन्हात फिरून रस्ता खोलीत आणायला लागतो, हे त्या लोकांना पक्कं कळलं होतं.

२००० साली युरोपचे नियम घेतले तेव्हा चारचाकींसाठी चालही युरोपचीच घेतली. ११८० सेकंदांची. त्यात फक्त कमाल वेग १२० वरून ९० वर आणला आणि नाव दिलं 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल'. मॉडिफाइड खरी, इंडियन किती हा प्रश्नच. रिक्षा आणि दुचाकींना मात्र ती जुनी १०८ सेकंदांची चाल पुढेही अनेक वर्षं लागू राहिली.

हा झाला धुराचा भाग. पण सॉफ्टवेअर फक्त धूर नाही सांभाळत. समजा एबीएसचं सॉफ्टवेअर तपासायचंय. ओला रस्ता, वेग शंभर, एका चाकाच्या सेन्सरची वायर तुटलेली, आणि ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला. आता हीच परीक्षा दुसऱ्या चाकासाठी, मग वेग ऐंशीला, मग बॅटरी कमजोर असताना. हजारो प्रकार होतात. कुठला ड्रायव्हर हजार वेळा मरायला तयार होईल? आणि प्रत्येक वेळी परिस्थिती अगदी तशीच्या तशी उभी करता येईल का?

म्हणून गाडीच खोटी करतात. याच्या साधारण तीन पायऱ्या असतात. पहिली : ना गाडी, ना डबा. कॉम्प्युटरवर नुसती आकृती काढायची, ब्रेक कसा वागावा त्याचं गणित मांडायचं आणि तेच चालवून बघायचं. दुसरी : त्या गणिताचा प्रत्यक्ष कोड बनवायचा आणि तोही कॉम्प्युटरवरच खोट्या गाडीत पळवायचा. तिसरी पायरी सगळ्यात मजेशीर. तिला म्हणतात 'हार्डवेअर इन द लूप', या धंद्यातली पोरं नुसतं 'हिल' म्हणतात. टेबलावर खरा ईसीयू ठेवतात. त्याच्या सगळ्या वायरी एका मोठ्या कपाटाला जोडतात. त्या कपाटातला कॉम्प्युटर गाडीचं सोंग घेतो. चाक फिरतंय तसा सिग्नल देतो, इंजिन तापलंय असं सांगतो, मध्येच एखादी वायर तुटल्याचं नाटक करतो. बिचाऱ्या डब्याला वाटतं आपण गाडीतच आहोत. तो मनापासून ब्रेक मारतो. कपाट त्याचं उत्तर टिपून घेतं. रात्रभर, माणूस जवळ नसताना, एकामागून एक परीक्षा चालू. सकाळी इंजिनिअर येतो तो नापासांची यादी बघतो.

हे सगळं झाल्यावर खरी गाडी बाहेर निघते, आधी चाचणी ट्रॅकवर आणि मग रस्त्यावर. चाचणीचे ट्रॅक आपल्याकडेही आहेत. लष्कराच्या वाहनांचं काम करणारी डीआरडीओची व्हीआरडीई अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. इंदूरजवळ पिथमपूरला २०२१ मध्ये ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक सुरू झाला. पण बहुतेक चुका त्याआधी टेबलावरच पकडायच्या, असा हिशोब.

यात मराठी माणूस कुठे? मधोमध. १९९० मध्ये पुण्यात किर्तने अँड पंडित या चार्टर्ड अकाउंटंट फर्मच्या घरातून एक सॉफ्टवेअर कंपनी निघाली. केपीआयटी. रवी पंडित, किशोर पाटील ही त्यातली नावं. आधी इतरांसारखीच सगळ्या प्रकारची कामं. पुढे गाड्यांच्या सॉफ्टवेअरकडे वळली, आणि २०१९ मध्ये बाकीचा धंदा बिर्लासॉफ्टकडे देऊन फक्त वाहनांच्या सॉफ्टवेअरची कंपनी झाली. मुख्यालय हिंजवडी. गिऱ्हाईक युरोप, अमेरिका, जपान. म्हणजे जर्मनीतल्या कुणाच्या गाडीतलं सॉफ्टवेअर हिंजवडीत तपासलं जातं. ही तपासणी करणारी पोरं सांगली, लातूर, जळगावहून आलेली असतात, आणि आपल्या वसई-विरारमधलीही आहेत. माझ्या ओळखीतली एक मुलगी हेच काम करते. ती म्हणाली, "काका, मी जर्मनीतला बर्फाचा रस्ता रोज बघते. खोटा. आपला रस्ता बघितला नाही अजून."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. कारण याच कामाच्या इतिहासात दोन मोठे धडे आहेत.

पहिला धडा गाडीचा नाही, रॉकेटचा. ४ जून १९९६. युरोपचं नवंकोरं एरियन-५ रॉकेट उडाल्यावर चाळीस सेकंदांच्या आत भरकटून फुटलं. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर जुन्या एरियन-४ मधून उचललेलं होतं. तिथे ते बिनचूक चाललं होतं. नव्या रॉकेटची चाल वेगळी, वेग जास्त, एक आकडा ठरलेल्या जागेत मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. चौकशी समितीने काय म्हटलं? त्या यंत्रणेला नव्या रॉकेटच्या मार्गावर जमिनीवरच चालवून बघितलं असतं तर दोष सापडला असता. म्हणजे सॉफ्टवेअर तपासलेलंच होतं, पण दुसऱ्याच्या रस्त्यावर.

दुसरा धडा जास्त कडू. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगनला नोटीस काढली. कंपनीच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर स्टिअरिंग, वेग, हवेचा दाब असं बघून ओळखायचं की आपण परीक्षेच्या खोलीत आहोत. चाकं पळताहेत पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे मास्तर समोर बसलाय. तेवढ्यापुरता धूर कमी. बाहेर आलं की मर्यादेच्या कित्येक पट. हे पकडलं कुणी? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या छोट्या टीमने, ज्यात भारतातून शिकायला गेलेले तरुणही होते. त्यांनी वेगळं काहीच केलं नाही. धूर मोजायचं यंत्र गाडीतच बसवलं आणि गाडी रस्त्यावर नेली. पुढे कंपनीने मान्य केलं, जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या.

आपल्याकडेही एआरएआयने गाड्या रस्त्यावर नेऊन मोजल्या. धूर मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघाला. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या ३,२३,७०० गाड्या परत बोलावून सॉफ्टवेअर बदलून देण्याचं जाहीर केलं. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. कंपनीचं म्हणणं, भारतात आम्ही कुठलाही नियम मोडला नाही. त्या आदेशाविरुद्ध ती सर्वोच्च न्यायालयात गेली.

दोन्ही धडे शेजारी ठेवून बघा. एकीकडे खोलीला रस्ता माहीत नव्हता, दुसरीकडे सॉफ्टवेअरला खोली माहीत होती. दोन्हीवर इलाज एकच : खरा रस्ता.

सरकारला हे अगदीच कळलं नाही असं नाही. बीएस-६ सोबत रस्त्यावरच्या धुराची मोजणी आली. आधी फक्त नोंद, आणि १ एप्रिल २०२३ पासून पालन सक्तीचं. यंत्र गाडीवर बसवून शहर, गाव, महामार्ग असं फिरवायचं. वेगाचे टप्पेही आपल्याकडच्या रहदारीनुसार युरोपपेक्षा कमी ठेवले. चांगलं पाऊल आहे. १९८५ च्या त्या लोकांच्या मार्गावर परत आल्यासारखं. पण ते धुरापुरतं. ब्रेक, बॅटरी, पाण्यात भिजलेला सेन्सर यांचं काय?

बॅटरीचं नाव काढलं तर वसईकरांना २०२२ चा सप्टेंबर आठवेल. घरात चार्जिंगला लावलेली ई-स्कूटरची बॅटरी फुटली आणि एका लहान मुलाचा जीव गेला. त्या घटनेत नेमका दोष कशाचा, यावर मी इथे निवाडा देत नाही. पण त्या वर्षी देशात ठिकठिकाणी ई-स्कूटर पेटत होत्या, म्हणून केंद्राने बॅटरीचे नियम कडक केले होते. नियम ऑगस्टअखेर निघाले, ऑक्टोबरपासून लागू व्हायचे होते. मग मुदत वाढवून दोन टप्पे केले : १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३. बॅटरीतही एक डबा असतो, प्रत्येक सेलचं तापमान आणि दाब बघून वेळेत वीज तोडणारा. त्याचीही परीक्षा त्याच कपाटावर घेता येते. सेल पेटवावा लागत नाही, पेटल्याचं सोंग पुरतं. हे तंत्र आपल्याच राज्यात बसून जगासाठी वापरलं जातं. मग आपल्या गल्लीत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बॅटरीने ती परीक्षा दिली आहे का, हे गिऱ्हाइकाला कळायला नको?

मी सॉफ्टवेअरच्या किंवा खोलीतल्या परीक्षेच्या विरोधात नाही. आगाशीच्या जहाजांसारखं माणसं आत बसवून तपासण्यापेक्षा हे हजारपट बरं. एबीएसने वाचलेले लोक आपल्यातच आहेत. माझं म्हणणं एवढंच की खोटी गाडी चालेल, खोटा रस्ता चालणार नाही.

म्हणून गेल्या रविवारी एक उद्योग केला. चाळपेठ नाक्यावर विरारच्या रिक्षात बसलो, मोबाइलवर घड्याळ लावलं आणि वहीत लिहीत गेलो. बरोबर १०८ सेकंद. सुरुवातीला रिक्षा उभीच, चौथी सीट भरायची होती. मग निघाली. एसटी वळण घेत होती म्हणून थांबली. गतिरोधक. त्याच्यापुढे खड्डा, गतिरोधकाइतकाच मोठा. उलट्या बाजूने आलेला दुचाकीवाला. परत थांबली. गाय. जरा मोकळा रस्ता, ड्रायव्हरने वेग घेतला, आणि पाइपलाइनसाठी खणलेला चर. ब्रेक. १०८ झाले. एवढ्यात त्या रिक्षाच्या ईसीयूने किती निर्णय घेतले असतील देव जाणे.

१९८५ मध्ये हे टिपायला संस्था लागत होती. आज साधा ओबीडी डोंगल आणि मोबाइल यांवर बरंचसं टिपता येतं. वसईच्या विद्यावर्धिनी आणि विरारच्या विवा कॉलेजातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना सांगणं आहे : शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला आगाशी ते विरार स्टेशन हा रस्ता टिपा. उन्हाळ्यात एकदा, जुलैत एकदा. आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवा. उद्या हिंजवडीतल्या त्या मुलीच्या कपाटात बर्फाच्या रस्त्याशेजारी आपला रस्ताही असू दे.

आणि गाडीवाल्यांनो, पुढच्या वेळी बिलावर 'सॉफ्टवेअर अपडेट' दिसलं तर माझ्यासारखंच विचारा : आधी काय चुकलं होतं? उत्तर लेखी मागा. मी मागितलंय. अजून आलेलं नाही. आलं की इथेच टाकतो.

तुमच्या गाडीच्या डब्याने कधी असा दगा दिला असेल तर खाली लिहा. रस्ता कुठला होता तेही लिहा.